सगळ्यांनी वाखाणलेला, फार थोड्यांनी घेतलेला : ‘सायकोनॉट्स’ आणि जाहिरातीच्या पैशाचं गणित

२००५ साल संपलं तेव्हा ‘सायकोनॉट्स’ या व्हिडिओ गेमच्या उत्तर अमेरिकेतल्या दुकानांत गेलेल्या प्रती एक लाखाच्या आत होत्या. समीक्षकांच्या गुणांची सरासरी शंभरात ८५च्या वर. लेखनासाठी गेम डेव्हलपर्स चॉइस पुरस्कार, पुढे पटकथेसाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार. आणि २००६च्या जानेवारीत प्रकाशक मॅजेस्कोने जाहीर करून टाकलं की कन्सोलवरच्या, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रांवरच्या, मोठ्या बजेटच्या गेम्सच्या धंद्यातून आम्ही बाहेर पडतोय.

तेव्हापासून या गेमबद्दल एक वाक्य ऐकू येतं : ‘जाहिरातच केली नाही हो, म्हणून आपटला.’ चाहत्यांना हे वाक्य आवडतं, कारण त्यात गेमचा दोष नाही आणि न घेणाऱ्यांचाही नाही. सगळं खापर प्रकाशकाच्या माथी फोडून मोकळं होता येतं. माझ्या मते हे अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं जास्त कामाचं आहे. जाहिरातीचा पैसा किती होता यापेक्षा त्या पैशाने गेमला किती आठवड्यांची मुदत मिळाली, आणि तेवढ्या मुदतीत हा गेम लोकांना कळण्यासारखा होता का, हे या प्रकरणात बघायला हवं.

आधी घडलं काय ते.

टिम शेफर हा लुकासआर्ट्स या गेम बनवणाऱ्या कंपनीतला नावाजलेला लेखक-दिग्दर्शक. ‘डे ऑफ द टेंटॅकल’, ‘फुल थ्रॉटल’, ‘ग्रिम फँडँगो’ ही त्याच्या नावावरची कामं. १९९८ साली आलेल्या ‘ग्रिम फँडँगो’ची गतही काहीशी अशीच झाली होती : वाहवा उदंड, खप बेताचा. २००० साली तो तिथून बाहेर पडला आणि सॅन फ्रान्सिस्कोत त्याने डबल फाइन हा स्वतःचा स्टुडिओ काढला. पहिला गेम ‘सायकोनॉट्स’. पैसा मायक्रोसॉफ्टचा, कारण एक्सबॉक्स हा आपला नवा कन्सोल बाजारात आणताना त्यांना इतरांकडे नसलेलं काहीतरी हवं होतं. मायक्रोसॉफ्टच्या गेम विभागाचे प्रमुख एड फ्राइज या गेमच्या पाठीशी होते. २००४च्या सुरुवातीला फ्राइज यांनी कंपनी सोडली आणि त्याच मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने प्रकल्पातून अंग काढून घेतलं. आतला पाठीराखा गेला की त्याच्या लाडक्या प्रकल्पांचं काय होतं हे कुठल्याही मोठ्या कंपनीत नोकरी केलेल्याला सांगायला नको.

स्टुडिओ बंद पडायच्या बेतात होता. ‘द सिम्स’ या गेमवाल्या विल राइट यांनी त्या महिन्यांत पैशांची मदत केली, असं शेफरने स्वतः सांगितलं आहे. ऑगस्ट २००४मध्ये मॅजेस्को प्रकाशक म्हणून आली. एप्रिल २००५मध्ये गेम एक्सबॉक्स आणि पीसीवर आला, प्लेस्टेशन २ची आवृत्ती जूनमध्ये. साडेचार वर्षांचं काम, शेवटी चाळीसेक माणसांची टोळी, आणि एकूण खर्च सुमारे १ कोटी १५ लाख डॉलर.

या तारखांत एक गोष्ट सहज नजरेआड होते. ऑगस्ट ते एप्रिल म्हणजे आठ महिने. त्या काळी मासिकांतल्या जाहिरातींची जागा महिनोन्‌महिने आधी ठरायची, मासिकांबरोबर येणाऱ्या, गेमचा नमुना दाखवणाऱ्या डेमो डिस्कचं तसंच, आणि दुकानांच्या साखळ्यांची खरेदीही आधीच ठरायची. म्हणजे मॅजेस्कोकडे पैसा कितीही असता, तरी कॅलेंडर कमीच पडणार होतं. तेही अर्धवट गेम पुरा करून घेण्याच्या धावपळीत.

तीस सेकंदांत काय दाखवाल?

आता प्रत्यक्ष गेमकडे येऊ, कारण जाहिरातीची चर्चा करणारे बहुतेक जण नेमकं हेच टाळतात.

रॅझ नावाचा मुलगा सर्कशीतून पळून एका उन्हाळी शिबिरात येतो. शिबिर आहे अतींद्रिय शक्ती असलेल्या मुलांचं. तो इतरांच्या मनात शिरतो, आणि प्रत्येकाचं मन म्हणजे एक वेगळी लेव्हल, गेमचा एक टप्पा. इथपर्यंत ठीक, एका वाक्यात मावतं. पण गेमची खरी गंमत या वाक्यात नाही, ती पुढे आहे.

एका मनोरुग्णालयाच्या फाटकावर बॉइड नावाचा पहारेकरी आहे. कटकारस्थानांच्या संशयाने त्याला पछाडलंय. त्याच्या मनात शिरलात की एक साधीसुधी वसाहत दिसते : बंगल्या, कुंपणं, टपालपेट्या. फक्त रस्ते हवेत पीळ घालून वर गेलेले, आणि उलट्या टांगलेल्या रस्त्यावरूनही चालता येतं. रस्त्यावर लांब कोट आणि हॅट घातलेली माणसं उभी. प्रत्येकाच्या हातात एकेक वस्तू आणि तेवढ्यावर त्याचं सोंग उभं. हातात थांबा लिहिलेली पाटी असलेला म्हणतो मी रस्ता दुरुस्त करणारा कामगार. लाटणं धरलेला म्हणतो मी गृहिणी. फुलं धरलेला म्हणजे शोकाकुल विधवा. आवाज सगळ्यांचा एकसारखा सपाट, एखादं खातं परिपत्रक वाचून दाखवतंय असा. तुम्हीही योग्य वस्तू हातात धरलीत तर ते तुम्हाला आपल्यातला समजतात. आणि सगळे जण शोधतायत एका दूधवाल्याला.

ही लेव्हल गेम्सच्या इतिहासातली एक उत्तम लेव्हल मानली जाते, आणि मलाही ते मान्य आहे. पण ती चालते कशी ते पाहा. पहिल्या कोटवाल्याशी बोलताना नुसतं नवल वाटतं. तिसऱ्याचौथ्यापाशी नियम कळतो. सहाव्यापाशी हसू आवरत नाही. म्हणजे विनोद साठत जातो. त्याचं तीस सेकंदांचं चित्रीकरण केलं तर काय उरतं? एक मोठ्या डोक्याचा मुलगा, वाकडेतिकडे रस्ते, उड्या मारणं, नाणीबिणी गोळा करणं. दुकानात खोका हातात घेतलेल्या माणसाला तेच दिसलं : गॉगल लावलेला व्यंगचित्रासारखा मुलगा, म्हणजे लहान मुलांचा उड्यामाऱ्या गेम. आत मात्र वेड, अपराधी भाव, मेलेली माणसं आणि किशोरांसाठीचं प्रमाणपत्र. ज्यांच्यासाठी हा गेम होता त्यांना तो आपला वाटला नाही आणि ज्यांना मुखपृष्ठावरून आपला वाटला असता त्यांच्यासाठी तो नव्हताच.

वर २००५ साल. तोवर उड्यामाऱ्या गेम्सचा भर ओसरला होता. ‘जॅक’ मालिकेनेसुद्धा दुसऱ्या भागापासून बंदूक हाती घेतली होती. एक्सबॉक्सची पुढची पिढी, एक्सबॉक्स ३६०, नोव्हेंबरात येणार होती, म्हणजे ज्या यंत्रावर गेम आधी आला ते यंत्रच निवृत्तीला टेकलेलं. प्लेस्टेशन २ घराघरांत कितीतरी पटींनी जास्त होता, पण तिथे गेम पोहोचला दोन महिने उशिरा, म्हणजे पहिली चर्चा विरल्यावर.

एका प्रतीमागचा हिशेब

आता पैसा. खालचा हिशेब ढोबळ आहे, त्या काळच्या धंद्यातल्या सर्वसाधारण प्रमाणांवरून मांडलेला. कुणा कंपनीच्या वहीतून उतरवलेला नाही. पण त्यातून कल्पना येते.

कन्सोलच्या गेमची छापील किंमत तेव्हा साधारण ५० डॉलर. त्यातले दहाएक दुकानदाराचे, प्रकाशकाच्या हाती चाळीस. त्यातून कन्सोल बनवणाऱ्या कंपनीची रॉयल्टी, डिस्क, खोका, वाहतूक मिळून आणखी दहाएक वजा. उरले तीस. गेमचा खर्च १ कोटी १५ लाख धरला तर नुसता तो भरून निघायला पावणेचार लाखांहून थोड्या जास्त प्रती पूर्ण किमतीला खपायला हव्यात. (यातला बराच भार मायक्रोसॉफ्टने आधीच उचलला होता, त्यामुळे मॅजेस्कोचं ओझं याहून हलकं होतं. पण दिशा तीच.) एक लाख प्रती म्हणजे तीस लाख डॉलर. एवढंच.

यात जाहिरात घाला. प्रत्येक दहा लाख डॉलरच्या जाहिरातीमागे ३३ हजारांहून जास्त प्रती जास्तीच्या खपल्या पाहिजेत, तरच तो खर्च स्वतःपुरता फिटतो. जाहिरातीशिवायही ज्या खपल्या असत्या त्या यात धरायच्या नाहीत. पन्नास लाखांची मोहीम काढली तर १ लाख ६६ हजार जास्तीच्या प्रती. म्हणजे ‘अजून खर्च करायला हवा होता’ म्हणणाऱ्याचा दावा असा होतो की या गेमचा खप तिप्पट झाला नसता तरी अडीचपटीच्या वर नक्की गेला असता. शक्य आहे. पण हा दावा केवढा मोठा आहे हे तो करणाऱ्याच्या लक्षात असावं.

किंमत घसरली की हे गणित आणखी बिघडतं. ५०चा गेम ३० डॉलरला विकायचा तर प्रकाशकाच्या हाती चोवीस, खर्च तेच दहा, उरले चौदा. आता दहा लाखांच्या जाहिरातीला ७० हजारांवर प्रती लागतात. शिवाय दुकानात आधीच पडून असलेल्या मालावरची किंमत उतरवली की फरक दुकानदाराला भरून द्यावा लागतो, तो प्रकाशकाच्याच खिशातून. मंदावलेल्या गेमवर नंतर जाहिरातीचा पैसा कुणी का लावत नाही, याचं उत्तर इथे आहे. पहिल्या काही आठवड्यांनंतर प्रत्येक जाहिरातीचा डॉलर महाग होत जातो.

जाहिरात पहिल्यांदा कोण पाहतो

गिऱ्हाईक, असं आपल्याला वाटतं. खोक्यांच्या काळात तो मान दुकानांच्या साखळीतल्या खरेदी अधिकाऱ्याचा होता.

हा माणूस गेम यायच्या कित्येक आठवडे आधी ठरवतो की किती प्रती मागवायच्या. गेम त्याने खेळलेला असेलच असं नाही. तो बघतो आगाऊ नोंदणी किती झाली, याच मालिकेचा आधीचा भाग किती खपला, आणि प्रकाशक जाहिरातीवर किती खर्च करणार आहे. मूळ कल्पनेवरच्या गेमला आधीचा भाग नसतो. नवख्या स्टुडिओच्या तऱ्हेवाईक गेमला आगाऊ नोंदणी फार नसते. उरतो तिसरा आकडा. म्हणून जाहिरातीचं बजेट हा अशा गेमचा एका अर्थाने जामीनदार असतो : ‘आम्ही एवढा पैसा लावतोय, तुम्ही एवढे खोके घ्या.’ जाहिरात अजून कुठे झळकलेली नसते, तरी तिच्या आकड्याने पहिल्या दिवसाचा माल ठरून गेलेला असतो.

त्याखेरीज दुकानातली जागा. ओळीच्या टोकावरची मोक्याची मांडणी, साखळीच्या पत्रकातला चौकोन, काउंटरमागचं पोस्टर, यांतलं पुष्कळसं प्रकाशकाने पैसे मोजून घेतलेलं असे. मार्केटिंगच्या बजेटचा एक घसघशीत तुकडा टीव्हीवर न जाता या जागाभाड्यात जायचा, आणि गिऱ्हाइकाला तो कधी ‘जाहिरात’ म्हणून दिसायचाच नाही.

जामीनदार दुबळा असला की एक चक्र सुरू होतं. दुकानात दोनचार प्रतीच येतात. त्या फळीवर कण्याच्या बाजूने उभ्या, मुखपृष्ठ दिसत नाही. ज्याने समीक्षा वाचली तो विचारत येतो, मिळाला तर घेतो. संपल्या तर पुन्हा मागवण्याइतका जोर आकड्यांत दिसत नाही. त्यातच अमेरिकेत जुने गेम परत घेऊन विकायचा धंदा जोरात होता, आणि त्यातला सर्वांत मोठा खेळाडू गेमस्टॉप याच २००५ साली ईबी गेम्स या दुसऱ्या साखळीला आपल्यात सामावून घेत होता. जुनी प्रत दुसऱ्यांदा विकली की प्रकाशकाला त्यातून छदाम मिळत नाही. मित्राने शिफारस केलेला गेम नेमका असाच, जुना आणि स्वस्त घेतला जातो. तोंडी प्रसिद्धीवर जगणाऱ्या गेमला हा फटका जास्त बसतो.

दोन गेम, एक उन्हाळा

मॅजेस्को ही न्यू जर्सीतली कंपनी मुळात स्वस्त गेम्सची. त्या सुमारास तिला मोठं व्हायचं होतं आणि ‘सायकोनॉट्स’बरोबर तिने दुसरा एक महागडा डावही लावला होता : ‘अॅडव्हेंट रायझिंग’ हा विज्ञानकथेचा गेम, मे २००५च्या अखेरीस आलेला. त्यासाठी दहा लाख डॉलर बक्षिसाची स्पर्धा जाहीर झाली. गेममध्ये लपवलेली चिन्हं शोधायची. स्पर्धा मध्येच गुंडाळावी लागली, आणि गेम त्रुटींनी भरलेला निघाल्यामुळे समीक्षकांनी झोडपला.

इथे थोडं थांबायला हवं. छोट्या प्रकाशकाकडे लक्ष वेधायची एकंदर ताकद मर्यादित असते, आणि ती दोन गेम्समध्ये सहा आठवड्यांच्या अंतराने वाटायची ठरली. ज्या गेमची ओळख करून देणं सोपं (अंतराळ, नायक, बंदुका) त्याच्यासाठी दहा लाखांचं आमिष. ज्याची ओळख करून देणं अवघड, त्याला समीक्षकांच्या भरवशावर सोडलेलं. माझ्या मते मॅजेस्कोची खरी चूक ही. बजेट लहान असणं ही चूक नव्हे, तेवढीच कंपनीची ऐपत होती. पण तेवढ्यातही एक गेम निवडून त्याच्या मागे उभं राहता आलं असतं.

जुलैमध्ये पडदा पडला. वर्षाअखेर १ कोटी ८० लाख डॉलर नफा होईल असा आधीचा अंदाज होता. तो बदलून तेवढ्याच तोट्याचा अंदाज जाहीर झाला. मुख्य कार्यकारी अधिकारी कार्ल यान्कोव्स्की यांनी राजीनामा दिला. शेअर कोसळला. कंपनीच अशी हेलकावे खात असताना प्लेस्टेशन २च्या आवृत्तीवर नव्याने पैसा कोण लावणार? ती आवृत्ती जूनमध्ये आली होती, म्हणजे पडझडीच्या ऐन तोंडावर.

कारण कुठलं, परिणाम कुठला

ईईडीएआर ही अमेरिकी संशोधन संस्था गेम्सच्या विक्रीचा अभ्यास करायची. तिच्या जेफ्री झॅटकिन यांनी २००९मध्ये मांडलेला एक निष्कर्ष खूप गाजला : गेमच्या कमाईवर चांगल्या गुणांपेक्षा मार्केटिंगच्या खर्चाचा परिणाम तिप्पट दिसतो. ‘सायकोनॉट्स’चे चाहते हा आकडा पुराव्यासारखा पुढे करतात.

त्यात एक गोम आहे. प्रकाशक मार्केटिंगचं बजेट सगळ्या गेम्सना चिठ्ठ्या टाकून वाटत नाहीत. गेम अर्धा झाला की चाचणी घेतात, खेळाडूंच्या गटांना दाखवतात, दुकानदारांची चाहूल घेतात, आणि जो खपेल असं वाटतं त्याच्यावर पैसा लावतात. म्हणजे मोठं बजेट आणि मोठा खप बरोबर दिसतात यातलं काही श्रेय बजेटचं आणि काही प्रकाशकाच्या अंदाजाचं. नोव्हेंबर २००४मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘हेलो २’ने पहिल्याच दिवशी १२ कोटी ५० लाख डॉलरची विक्री केली. त्यामागे अफाट जाहिरात होती हे खरं, पण पहिल्या ‘हेलो’चे लाखो खेळाडू आधीच वाट पाहत बसले होते. तोच पैसा ‘सायकोनॉट्स’वर लावून तोच खप आला नसता. तऱ्हेवाईक गेमच्या बाबतीत हा अंदाज बांधणंच सर्वांत कठीण, म्हणून प्रकाशक हात आखडतात, म्हणून खप कमी होतो, आणि मग ‘बघा, आमचा अंदाज बरोबर होता’ म्हणायला मोकळे. अंदाजाने स्वतःलाच खरं करून दाखवलं, हे मात्र त्या आकड्यांत कुठेच दिसत नाही.

पैसा ओतूनही काय होतं याची उदाहरणं आहेत. १९९५ साली निन्टेन्डोने ‘अर्थबाउंड’ अमेरिकेत आणला तेव्हा प्रसिद्धीवर सुमारे वीस लाख डॉलर खर्च केले. घोषवाक्य : या गेमला घाण वास येतो. मासिकांतून खरवडून वास घ्यायची कार्डंसुद्धा दिली. खप साधारण १ लाख ४० हजार. गेमचा तिरकसपणा जाहिरातीत उतरवायचा प्रयत्न झाला खरा, पण हाती उरला नुसता वास. त्या गेमचं हळवेपण त्यात कुठे नव्हतंच.

आणि खुद्द शेफरचंच पुढचं उदाहरण. २००९चा ‘ब्रूटल लेजेंड’, प्रकाशक इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, मुख्य आवाज जॅक ब्लॅकचा, प्रसिद्धी जोरदार. जे ‘सायकोनॉट्स’ला मिळालं नाही असं म्हणतात ते सगळं इथे होतं. डेमोत आणि जाहिरातीत लोकांनी पाहिली कुऱ्हाड घेऊन चालवलेली हाणामारी. प्रत्यक्षात गेमच्या मोठ्या भागात सैन्य उभं करून डावपेच लढवायचे होते. विकत घेणाऱ्यांपैकी अनेकांना फसवल्यासारखं वाटलं. शेफरने नंतर १४ लाखांचा खप सांगितला, म्हणजे ‘सायकोनॉट्स’च्या पहिल्या वर्षाच्या कितीतरी पट. तरीही दुसऱ्या भागाचं काम प्रकाशकाने थांबवलं. बजेट वाढलं की खप वाढतो, पण ‘पुरेसा’ खप कुठे सुरू होतो ती रेघही वर सरकते. आणि मोठ्या मोहिमेला गेमचा सोपा भाग पुढे करावाच लागतो, त्यामुळे विचित्रपणा खोक्यात दडून जातो आणि घरी गेल्यावर बाहेर पडतो.

मुदतच काढून टाकली तेव्हा

२००६च्या ऑक्टोबरात ‘सायकोनॉट्स’ स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात आला. २००७मध्ये एक्सबॉक्स ३६०वर डाउनलोड करून घेण्यासाठी. जून २०११मध्ये प्रकाशनाचे हक्क डबल फाइनकडे परत आले. २०१२च्या हंबल इंडी बंडलमध्ये तो इतर गेम्सच्या जोडीला होता. हव्या त्या किमतीला सगळा गठ्ठा घ्या अशी ती योजना, सुमारे सहा लाख लोकांनी घेतली, ५० लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली.

डिसेंबर २०१५पर्यंत एकूण खप सुमारे १७ लाख, त्यातल्या १२ लाखांहून जास्त प्रती हक्क परत आल्यानंतरच्या. स्टीमवर ४ लाख ३० हजार, हंबलच्या सगळ्या बंडलांमधून मिळून ७ लाख ३६ हजार. दहा वर्षांपूर्वीचाच गेम. लेखन तेच, कोटवाले तेच.

‘मार्केटिंगशिवाय खपला’ असं यावरून म्हणण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. सवलत हीसुद्धा जाहिरातच, फक्त तिचे पैसे आगाऊ न देता प्रत्येक प्रतीच्या नफ्यातून हप्त्याने दिले जातात. बंडलमध्ये गठ्ठ्यामागे सरासरी आठ-साडेआठ डॉलर येत, आणि ते गेम बनवणारे, धर्मादाय संस्था आणि बंडलवाले यांच्यात वाटले जात. एका ‘सायकोनॉट्स’च्या वाट्याला फार तर डॉलर-दोन डॉलर. म्हणून सात लाख प्रतींचा आकडा २००५च्या एक लाखाशेजारी ठेवताना सावध राहावं. प्रती सातपट, पैसा सातपट नव्हे.

पण दोन गोष्टी मुळातून बदलल्या होत्या. फळी संपत नव्हती, त्यामुळे पहिल्या सहा आठवड्यांत स्वतःला सिद्ध करायची सक्ती उरली नाही. ज्याला २००५मध्ये मित्राने सांगितलं होतं तो २०११मध्ये सवलतीत घेऊ शकत होता, आणि जुनी प्रत नावाची भानगड नसल्याने पैसे स्टुडिओकडेच जात होते. दुसरं, बनवण्याचा खर्च केव्हाच मागे पडला होता. २००५मध्ये सगळ्या प्रतींवर मिळून एक कोटी डॉलरहून जास्त ओझं होतं, २०१२मध्ये जवळपास काहीच नाही. शून्य ओझ्याच्या गेमला दोन डॉलरही परवडतात. नव्या गेमला नाही. म्हणून ‘डिजिटल दुकानाने तऱ्हेवाईक गेम्सचा प्रश्न सोडवला’ हे वाक्य मी अर्धवटच मान्य करतो : जुन्यांचा सोडवला. आज स्टीमवर वर्षाला हजारो गेम्स येतात. फळी अमर्याद झाली, पण पहिल्या पानावरची जागा तेवढीच राहिली.

दुसऱ्या भागासाठी लोकांनी फिग या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ३८ लाख डॉलर दिले, २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टनेच डबल फाइन विकत घेतलं, आणि ‘सायकोनॉट्स २’ ऑगस्ट २०२१मध्ये पहिल्या दिवसापासून गेम पास या मायक्रोसॉफ्टच्या वर्गणी योजनेत मिळू लागला. एका प्रतीमागे किती जाहिरात हा प्रश्नच तिथे लागू पडत नाही. वर्गणीदार वेगळे पैसे न देता गेम उघडून बघतो, नाही आवडला तर बंद करतो. कोटवाल्यांसारखा साठत जाणारा विनोद अशा खेळाडूला परवडतो. पण त्या गेममागे मायक्रोसॉफ्टचा खजिना उभा होता, त्यामुळे हे उत्तर एखाद्या चाळीस माणसांच्या स्वतंत्र स्टुडिओला तसंच्या तसं उचलता येणार नाही.

त्याला उचलता येईल असं काही असेल तर ते मॅजेस्कोकडे परत जाऊन बघावं लागेल. सप्टेंबर २००४मध्ये नाम्कोने ‘कातामारी दामासी’ अमेरिकेत अवघ्या २० डॉलरला आणला होता. चिकट गोळा लोळवत जगातल्या वस्तू गोळा करायच्या. गेम बनवायला दहा लाख डॉलरही लागले नव्हते. कल्पना वेडगळ, पण एका दृश्यात डोक्यात शिरणारी, आणि किमतीमुळे चुकलं तरी चटका बसत नाही. मोठ्या गेम्सना रामराम ठोकल्यावर काही महिन्यांतच, २००६च्या सप्टेंबरात, मॅजेस्कोने निन्टेन्डो डीएस या हातात धरायच्या यंत्रावर तसाच एक जपानी गेम आणला : ‘कुकिंग मामा’. पडद्यावर फिरवायच्या काडीने, स्टायलसने, कांदा चिरायचा, अंडं फोडायचं, कढई हलवायची. किंमत तीच, वीसेक डॉलर. तऱ्हेवाईकपणात तो कुणाला हार जाणारा नव्हता. पण नाव वाचलं आणि खोक्यावरचं चित्र पाहिलं की आत काय आहे ते कळत होतं. मोठ्या मोहिमेशिवाय तो खपला, आणि पुढची कित्येक वर्षं त्याचे भाग येत राहिले.